चार ओंजळींचं माप

तिसावा रोजा होता, त्यामुळे उद्याच्या ईदेबद्दल वाद घालायला जागाच उरली नव्हती. चंद्र दिसो की ढगात लपो, महिना संपला होता. वादाशिवाय ज्या घराला घास गिळवत नाही, त्या घराला आता दुसरा विषय शोधावा लागणार होता. आणि तो खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकून उभा होता.

आपानं तो येतानाच पाहिला. दवाखान्यातली औषधं मोजून द्यायची पाळी संपवून ती धाकट्या भावाकडे आली, तेव्हा खालचं दुकान चालूच होतं. टेबलावर तीन शिलाई मशिनं पोट उघडून पडली होती, दोन कारागीर त्यांच्यावर वाकले होते आणि सगळीकडे तेलाचा वास होता. जिन्याच्या तोंडाशी गव्हाचं एक पोतं. तोंड सुतळीनं शिवलेलं, पोटावर निळ्या खडूचं वर्तुळ, वर्तुळात सहाचा आकडा.

म्हणजे थोरला भाऊ आला. त्याच्या लाकडाच्या वखारीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर असं वर्तुळ असायचं आणि वर्तुळात नग. अब्बा चार फळ्या विकणारे सुतार होते तेव्हापासूनची ती सवय. चार फळ्यांची वखार झाली, वखारीला दोन ट्रक झाले, पण खडू निळाच राहिला. आपानं पोत्याला वळसा घातला आणि ती वर गेली. थोरला स्वतः हा जिना चढला, यातच तिला अर्धी ईद वाटत होती. अम्मा त्याचं घर सोडून इथं आली त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत त्याचा ड्रायव्हर आला होता, निरोप आले होते, तो आला नव्हता. यंदा अम्मानंच फर्मान काढलं होतं : शेवटचा रोजा सगळ्यांनी माझ्यासमोर सोडायचा.

वर मात्र हवा गरम होती. थोरला खिडकीपाशी खुर्चीत, पाहुण्यासारखा, पायातले मोजेही न काढता. धाकटा त्याच्याकडे पाठ करून गव्हाचं पिंप उघडत होता. अम्मा आपल्या कोपऱ्यात शर्टांच्या ढिगाऱ्याशी बसून काजं करत होती, कारखान्याचा शेवटचा गठ्ठा आजच द्यायचा होता. थोरल्याची नजर त्या ढिगाऱ्यावर गेली की त्याच्या कपाळावर आठी चढायची, आणि आठी चढली की अम्मा मुद्दाम दोरा दातानं तोडायची.

"आत्या आली! आत्या, माप आत्यानं धरायचं!" धाकट्याची नऊ वर्षांची चिमणी ओरडली. तिच्या मागे थोरल्याचा सात वर्षांचा मुलगा, ज्याला सगळे पैलवान म्हणत, दोन्ही हात गव्हात कोपरापर्यंत बुडवून उभा होता.

"आधी हात धुतलेस का रे?"

"धुतले. मग चड्डीला पुसले."

"म्हणजे नाही धुतले. पळ."

माप अम्माच्या ट्रंकेतून निघालं. अब्बांनी स्वतः कातून केलेलं लाकडाचं गोल माप, काठ झिजून गुळगुळीत झालेला. आपानं ते चटईवर ठेवलं आणि दर वर्षीसारखी मुलांची परीक्षा सुरू केली. दवाखान्यात दिवसभर चिडक्या माणसांना तीच गोष्ट तीनतीनदा समजावणाऱ्या बाईला मुलांना समजावणं म्हणजे विसावाच.

"सांगा, ईदेच्या दानाचा फितरा किती द्यायचा?"

"माणशी एक माप."

"माप म्हणजे?"

"चार ओंजळी!"

"कुणाच्या?" पैलवानानं विचारलं. "माझ्या, की अब्बांच्या?"

"तुझ्या ओंजळीनं मोजलं तर घेणारा रडेल, तुझ्या अब्बांच्या ओंजळीनं मोजलं तर तुझे अब्बा रडतील. मध्यम हाताच्या माणसाच्या."

थोरली वहिनी फसकन हसली आणि नवऱ्याकडे पाहून गप्प झाली. तिच्या जुळ्या मुली पलंगावर झोपल्या होत्या, त्यांच्याशेजारी धाकट्याचं तीन आठवड्यांचं बाळ.

"हिचंपण माप?" चिमणीनं बाळाकडे बोट दाखवलं. "हिनं रोजेपण नाही धरले. हिला दातपण नाहीत."

"ती देत नाही, तिच्यासाठी तिचे अब्बा देतात. ईदेच्या आधी जन्मली ना? मग तीही हजेरीत. आणि गहू कसला द्यायचा?"

"आपण खातो तोच. किडका नाही."

"कधीपर्यंत?"

"उद्या सकाळच्या ईदेच्या नमाजेआधी. नंतर दिला तर नुसतं दान."

"कुणाला द्यायचा?"

"गरिबाला."

"आणि कुणाला नाही?"

चिमणीनं बोटं पुढं केली. हे तिला तोंडपाठ होतं. "आईला नाही, अब्बांना नाही, आजी-आजोबांना नाही. आपल्या मुलांना नाही, नातवंडांना नाही."

"का बरं?"

"कारण त्यांना आपण जेवायला घालायचंच असतं. ते काही दान नाही."

"शाब्बास. आणि भावाला? बहिणीला?"

"गरीब असतील तर चालतं. उलट दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य."

धाकट्यानं ओतायला सुरुवात केली. एक त्याचं, एक बायकोचं, एक चिमणीचं, एक बाळाचं, एक अम्माचं. "पाच," पैलवान मोठ्यानं म्हणाला.

पाच. आपाचा हात मापाच्या काठावरच राहिला. धाकट्याकडे पाच. आणि थोरल्याकडे? तो, वहिनी, पैलवान, जुळ्या दोघी. हेही पाचच. मग सहावं कोण? सहावी म्हणजे अम्मा, थोरल्याच्या हिशेबानं अजून त्याच्याच घरातली.

"मी आले हं," ती म्हणाली आणि खाली गेली.

तिनं पोतं दोन्ही हातांनी उचललं. आयुष्य वजनात घालवलेली बाई. हातांना काट्याची गरज नव्हती. पंधरा-सोळा किलो. सहा मापं. तिनं ते पोतं हळूच खाली ठेवलं, जणू झोपलेलं मूल.

वर येऊन तिनं थोरल्याला मागच्या गॅलरीत बोलावलं.

"दादा, खाली पोतं आहे ते कशाचं?"

"कशाचं म्हणजे? दर वर्षीचं. धाकट्याकडचं."

"फितरा आहे का तो?"

"मग काय!" थोरल्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. "तूच सांगितलंस ना? भावाला दे, नात्याचा हक्क आधी. आणि काय आहे ते बोलून दाखवू नकोस, त्याला कानकोंडं होईल. सहा वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही मी. भावाकडून ईदेची भेट, एवढाच निरोप."

"मी सांगितलं तेव्हा त्याचा हात मशिनच्या पट्ट्यात सापडला होता. दोन वर्षं घरात चूल पेटवायची पंचाईत होती. दादा, मी दिलेली चिठ्ठी एका तापाची होती. ताप उतरला. तू अजून तेच औषध पाजतोयस?"

"हळू बोल."

"आणि अम्मा? अम्मा इथं जेवते!"

"मग? मी काय अम्माला दिलं? मी भावाला दिलं."

"एकाच पिंपातलं खातात ते! तुला माहीत आहे, आणि तू..."

"काय माहीत आहे?" मागून आवाज आला.

धाकटा दारात उभा होता. दोन्ही हात गव्हाच्या भुशानं पांढरे. आपाला वाटलं, जीभ चावून तुकडा पाडावा. पण तिनं आयुष्यात कुणाला खोटं औषध दिलं नव्हतं.

"काय माहीत आहे, आपा?"

"खालचं पोतं," ती म्हणाली. "तो दादाच्या घरचा फितरा आहे."

धाकट्यानं हातांवरचा भुसा झटकला. मग त्यानं विचारलं, "यंदाचा?"

थोरला गॅलरीच्या कठड्याकडे वळला.

"दर वर्षीचा?"

"अरे, सुरुवातीला तुला गरज होती..." थोरला म्हणाला.

"होती! कुणी नाही म्हटलंय? ती दोन वर्षं तू दिलंस ते मी डोळ्याला लावलं असतं. पण आता? खाली दोन माणसं पगारावर काम करतात, ती दिसली नाहीत तुला? पाच वर्षांपूर्वी रिकामा होतो, आज आठवड्याला वीस मशिनं येतात. तू एकदा जिना चढला असतास, तर कळलं असतं!"

"रोजा आहे तुझा. आवाज खाली कर."

"रोजा तुझापण आहे! रोजा धरून भावाला भिकारी करताना नाही आठवला?"

आवाज एवढा चढला की बाळ रडायला लागलं. धाकटी वहिनी त्याला घेऊन धावत आली, मागोमाग थोरली. गॅलरीत चार माणसं मावत नव्हती. भांडण सरकत सरकत मोठ्या खोलीत आलं आणि थोरला पुन्हा आपल्या खुर्चीत बसला. अम्माची सुई चालूच होती.

"अहो, सण आहे उद्या," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "काय झालं ते तरी सांगाल?"

"तुला तो गहू आठवतो? दादाकडून भेट, भेट म्हणून डब्यात भरून ठेवायचीस? पहिली भाकरी अम्माला द्यायचीस? फितरा होता तो! कुणा उपाश्याचा होता! जो गहू मी या हातानं मोजून गरिबाकडे पोचवत होतो, त्याच गरिबाचं या हातानं खात होतो. चार वर्षं!"

धाकटी आतापर्यंत मधे पडायला आली होती. आता ती थोरल्याकडे वळली, आणि तिचा आवाज नवऱ्यापेक्षा हळू होता म्हणून जास्त लागला.

"दादा, मी दर ईदेला तुमच्या जुळ्यांना फ्रॉक शिवून पाठवत होते. भेटीला भेट म्हणून. माझी आई म्हणते, कुणाचं घेतलं तर परतफेड करावी. तुम्ही ते फ्रॉक हातात घेताना काय म्हणत होता मनात?"

थोरल्यानं मान फिरवली. "यात एवढं तांडव करण्यासारखं काय आहे? गहू गेला कुठं? आपल्याच माणसांच्या पोटात ना? समुद्रात तर टाकला नाही!"

"तोच तर घोळ आहे, दादा," आपा म्हणाली. तिनं तोच स्वर लावला जो ती मुलांसाठी लावायची, पण आत सगळं उकळत होतं, त्यात तिचा स्वतःवरचा रागही होता. "फितरा पोट बघून द्यायचा असतो, नातं बघून नाही. नातं नंतर. भाऊ गरीब असता तर बरोबर होतं. आता तो स्वतः देणारा आहे. देणाऱ्यानं घ्यायचं नसतं. आणि अम्माला तर गरीब असली तरी चालत नाही. तिला पोसणं तुझ्यावर आहेच."

"मग मी पोसायला नाही म्हणालो का?" आता थोरल्याचा तोल गेला. "माझं घर सोडून ही इथं आली! तीन खोल्या रिकाम्या आहेत माझ्याकडे. हाताखाली बाई ठेवली होती. आणि इथं येऊन पन्नास माणसांच्या शर्टांना काजं करत बसते! बाजारात लोक मला विचारतात, तुमच्या आईला काय कमी आहे? मी कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही सगळे माझ्यावर तुटून पडताय, मला कुणी विचारलं का, की आई उठून जाते तेव्हा मुलाला काय वाटतं?"

तेही खरं होतं. आपाला आठवलं, अम्मा निघाली त्या दिवशी थोरला वखारीच्या दारात पाठ करून उभा होता आणि एकच फळी पुन्हा पुन्हा मोजत होता.

"तरी मी तुम्हाला म्हटलं होतं," थोरली वहिनी एकाएकी बोलली. इतका वेळ ती नवऱ्याच्या खुर्चीमागे भिंतीसारखी उभी होती. आता एक पाऊल बाजूला सरकली, आणि सगळ्यांना ते पाऊल दिसलं. "गेल्या वर्षी म्हटलं होतं. अम्मा तिथं जेवतात, हे बरं दिसत नाही. तुम्ही म्हणालात, कारकुनानं पोतं भरलंय, आता कोण नवं गिऱ्हाईक शोधत बसणार."

"तू गप्प बस."

"तेच करत आले. त्याचंच हे झालं."

सुई थांबली.

अम्मानं शर्ट मांडीवरून उतरवला, घडी घातली, दोरा गुंडाळला. तिला घाई कधीच नसायची. राग आल्यावर तर मुळीच नाही.

"पोत्यावर आकडा किती?" तिनं विचारलं.

पैलवान म्हणाला, "सहा, आजी."

"सहावं कोण?"

"तू," थोरला पुटपुटला. "तुला मी मोजायचं सोडलं नाही, अम्मा. एकाही वर्षी."

त्याला वाटलं होतं या वाक्यानं काहीतरी विरघळेल. अम्माचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे माझ्या नावाचं माप काढलंस, पोत्यात भरलंस, आणि मलाच खाऊ घातलंस."

थोरला खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

"माझा फितरा माझ्याच पोटात! माझ्यावरचं देणं मीच चावून खाल्लं, आणि वर शुक्राना केला, की पोरगा कसा का असेना, आईला विसरला नाही!" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "चार वर्षं मी दर ईदेला त्या गव्हाची भाकरी मोडून तुझ्या नावानं दुआ मागितली. गरिबाच्या ताटातली भाकरी! लाज कशाची वाटायची होती, आणि वाटून कशाची घेतोस? माझ्या काजांची? सुईची लाज वाटते तुला, आणि आईला दानाच्या रांगेत बसवायची वाटली नाही?"

"अम्मा, मी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम केलं असतंस तर एक थोबाडीत मारून मोकळी झाले असते! तू बघितलंच नाहीस, याचं काय करू?"

धाकटा तडक जिन्याकडे निघाला. "मी ते पोतं रस्त्यावर फेकतो."

"खबरदार!" अम्मा कडाडली. "ते तुझं नाही आणि त्याचंही नाही. ज्याचं आहे त्याचा एक दाणा सांडला तर बघ." मग थोरल्याकडे वळून : "ऊठ. अजून वेळ गेलेली नाही. उद्या सकाळच्या नमाजेपर्यंत आहे, पण तुझ्यावर माझा तेवढा भरवसा नाही. आत्ता जा. देऊन ये."

"कुणाला?"

तो प्रश्न त्याच्या तोंडून इतका सहज निघाला की त्याचा अर्थ त्याला सगळ्यात शेवटी कळला. आपानं त्याचा चेहरा उतरताना पाहिला. या एवढ्या मोठ्या शहरात त्याला एक उपाशी माणूस माहीत नव्हता.

"तुझ्या वखारीत फळ्या उचलणारे किती?" अम्मानं विचारलं.

"अकरा."

"त्यांतल्या कुणाच्या घरी किती तोंडं खाणारी आहेत, सांग."

त्यानं एक बोट दुमडलं, मग पुन्हा उघडलं.

"प्रत्येक फळीवर वर्तुळ काढतोस. माणसांना काढायला खडू पुरला नाही?"

"कारकुनाला फोन करून विचारतो..."

"कारकुनाला नाही. ड्रायव्हरलाही नाही. आपल्या पायांनी जा, आपल्या खांद्यावरून ने. आणि माझं माप त्यातून काढून घे."

"तुझं मी काढलंय, अम्मा," धाकटा म्हणाला. "आता मोजलं. पाचात."

"तुला कुणी सांगितलं?" अम्माची तोफ त्याच्याकडे वळली, तसा तो एक पाऊल मागे सरला. "हा मला सहावी धरतो, तू मला पाचवी. महिन्याला चारशे काजं करते मी. माझ्या गाठीला माझं आहे, माझ्या डोक्याचं माझ्यावर आहे. आपा, बरोबर की नाही?"

"बरोबर, अम्मा. स्वतःचं असेल तर स्वतःच द्यायचं."

"ऐकलंत? माझं डोकं माझ्याच मानेवर आहे. तुम्ही दोघांनी आपापली मोजा."

चिमणीला हसू आलं आणि तिनं ते ओढणीत कोंबलं.

थोरला उठला. जिन्यात त्याची पावलं वाजली, मग खाली सुतळी उसवून चार ओंजळी बाजूला काढल्यावर पोतं उचलताना तोंडातून निघालेला "हं" ऐकू आला. लाकडाचा एवढा मोठा व्यापारी, पण खांद्यावर काही घेऊन त्याला वीस वर्षं झाली असावीत. आपा खिडकीशी गेली. तो गाडीजवळून पुढं गेला, थांबला, पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि कोपऱ्यावर उभा राहून डावीकडे जावं की उजवीकडे, हे ठरवू लागला. मग दिसेनासा झाला.

"येणार नाही तो आता," धाकटा म्हणाला.

"न येऊ दे," अम्मा म्हणाली. पण रोजा सोडायला ग्लास मांडले तेव्हा तिनं एक जास्तीचा मांडायला लावला आणि त्यावर बशी झाकली.

सूर्य गेला. सगळ्यांनी पाण्याचा घोट घेतला, नमाज झाली. थोरली वहिनी आणि धाकटी स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसून भांडी पुसत होत्या. एक पुसायची, दुसरी रचायची. फ्रॉकांचं काहीतरी चाललं होतं, त्यात थोरलीचं नाक ओढणं ऐकू येत होतं. धाकटा पिंपाचं झाकण उगाच उघडत-लावत होता. आपानं अम्माचं माप अम्माच्याच पैशांतून आत्ता आणवलेल्या गव्हानं भरलं, काठाशी हात फिरवून वरचे दाणे सपाट केले. अम्मानं ते पाहिलं आणि आणखी एक मूठ वर टाकली.

दिवे लागले तसा जिना वाजला. थोरला दारात उभा राहिला. उजव्या खांद्यावर भुसा, आणि खडूच्या वर्तुळाचा अर्धा भाग, उलटा उमटलेला.

"दिलं?" अम्मानं विचारलं.

"दिलं."

"कुणाला?"

"वखारीत काट्यावर बसतो तो म्हातारा." तो अजून उंबऱ्याबाहेरच होता. "अठरा वर्षं आहे माझ्याकडे. घर कुठं ते माहीत नव्हतं. तीन ठिकाणी विचारलं. एका दारात बाई म्हणाली, आम्हाला का देता, आम्ही काय तसले दिसतो? दार लावून घेतलं तिनं." त्यानं ओठ पुसले. "पाच जण आहेत त्याच्याकडे. मुलगा गेला, सून आहे, तीन नातवंडं. एक खोली."

"काय म्हणालास?"

"काही नाही. गहू आहे म्हटलं. कसला ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. रोजा सोडायची वेळ झाली होती, मला बसवून घेतलं. खजूर एकच होता. त्यानं दोन तुकडे केले, मोठा मला दिला."

त्यानं दाराच्या चौकटीला खांदा टेकला. कुणी त्याच्या मदतीला गेलं नाही. आपाला जावंसं वाटलं. तिनं स्वतःला धरून ठेवलं. काही गोष्टी माणसाला एकट्यालाच गिळू द्याव्या लागतात.

अम्मा उठली. बशी काढून तिनं ग्लास त्याच्या हातात दिला. तो प्यायला.

"हे झालं यंदाचं," ती म्हणाली. "मागची चार वर्षं?"

"माहीत आहे."

"उशिराचा ठपका तुझ्यावर राहील, त्याची माफी तू वरच्याकडे माग. पण देणं उशिरानं चुकत नाही. आणि वाडग्यानं अंदाजे मोजू नकोस." तिनं मापातला स्वतःचा गहू पिशवीत ओतला आणि रिकामं माप त्याच्यापुढं धरलं. "हे ने. काम झालं की परत आणून दे. तू. ड्रायव्हर नाही."

थोरल्यानं अब्बांचं माप दोन्ही हातांत घेतलं. काठावरून त्याचा अंगठा एकदा फिरला. मग तो खोलीभर नजर टाकून थांबला, आणि ती नजर धाकट्यावर येऊन ठेपली. धाकट्यानं मान वर केली नाही. संध्याकाळपासून तो भावाशी एक शब्द बोलला नव्हता आणि आताही त्याच्या जबड्याची शीर ताठ होती. थोरला वळला, दोन पायऱ्या उतरला.

"दादा."

पावलं थांबली.

"माप आणशील तेव्हा दुसरं काही आणू नकोस," धाकटा पिंपाच्या झाकणाकडे बघत म्हणाला. राग तसूभरही कमी झालेला नव्हता. "पोतं नको, पिशवी नको, पोरीला खाऊसुद्धा नको. या घरात यायचं तर हात हलवत ये."